उजवे मनोरीला, डावे गोराईला

सुगंधा परबला मनोरीच्या किनाऱ्यावर पहिला बूट सापडला तेव्हा तिला वाटलं, एखाद्या पाहुण्याचा वाहून गेलेला असणार. शनिवार-रविवारी मालाडहून, अंधेरीहून येणारी पोरं चपला वाळूत टाकून पाण्यात शिरतात आणि मग भरतीच्या नावाने खडे फोडत अनवाणीच मार्व्याच्या फेरीबोटीत बसतात, हे तिने खूपदा पाहिलं होतं. पण हा ऑगस्टचा महिना, तोही मंगळवार. तिच्या भाड्याच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. आणि बूट अगदी कोरा होता. केशरी, पांढऱ्या जाड तळव्याचा, धावायला घालतात तसला. आत कागदाचा बोळा होता, भिजून लगदा झालेला.

तिने बूट उलटसुलट करून पाहिला आणि दुसरा कुठे दिसतो का म्हणून मान वर केली. दुसरा दिसला. तिसराही दिसला. मग नजर जाईल तिथवर भरतीच्या रेघेवर बूटच बूट दिसले. केशरी, निळे, काळे, पोपटी. जशी काही समुद्रात कुठेतरी महापूजा चालू आहे आणि सगळे भाविक पायताणं बाहेर काढून आत गेले आहेत.

सुगंधा मूळची मालवणची. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने घाटकोपरच्या चाळीत काढली आणि नवरा धाकू गोदीतून निवृत्त झाल्यावर दोघांनी मनोरीत हे छोटं घर घेतलं. समुद्राने दारात आणून टाकलेली वस्तू सोडून जाण्याइतकी ती वेडी नव्हती. पदरात मावतील तेवढे बूट घेऊन ती घरी पळाली आणि दोन पोती घेऊन परत आली. एवढ्या वेळात अर्धं गाव किनाऱ्यावर उतरलं होतं, आणि प्रत्येक जण आपला सहज आला होता. सहदेव मास्तर हवा खायला आले होते, हातात गादीची खोळ घेऊन. किराणावाला चंद्रप्रकाश साखरेचं रिकामं पोतं खांद्यावर टाकून म्हणाला, "वहिनी, वॉकला आलो. डॉक्टरने सांगितलंय."

"पोतं पण त्यानेच सांगितलं?"

"तुमच्या डॉक्टरने दोन सांगितलीत वाटतं," चंद्रप्रकाश म्हणाला आणि वाकून कामाला लागला.

दुपारपर्यंत सुगंधाची ओसरी भरली. धाकू आरामखुर्चीत बसून हा सोहळा बघत होता. उभी हयात त्याने बंदरात क्रेन चालवली होती. त्यामुळे लांबून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाबद्दल त्याचं ठाम मत असे, आणि जाऊन खात्री करून घ्यायला कोणीच तयार नसल्यामुळे त्याचं एकही मत आजवर चुकलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी उधाणलेल्या पाण्यात दोन कंटेनर हेलकावे खाताना त्याने पाहिले होते आणि चहा पिता पिता जाहीर केलं होतं, "फ्रीज असतले. डब्याच्या तरंगण्यावरून माका कळता."

"घ्या तुमचे फ्रीज," सुगंधा म्हणाली आणि पोतं त्याच्या पायाशी रिकामं केलं. "जोड्या लावा."

धाकूने चष्मा लावला. एक केशरी उचलला, दुसरा केशरी उचलला, शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींची तोंडं एकाच दिशेला वळलेली होती. त्याने तिसरा घेतला. मग निळे घेतले. मग काळे.

"गो, ह्यो पण उजवोच."

"डावे खाली असतील."

खाली पण उजवेच होते. दुसऱ्या पोत्यातही उजवेच. सुगंधाने ओसरीभर बूट पसरून बघितले, पालथे करून बघितले, आरशासमोर सुद्धा एक धरून बघितला. धाकू बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, "परदेशात दोन्ही पाय सारखेच असत असतले."

त्यानंतर दोन दिवस मनोरी गाव फार सभ्यपणे वागलं. लोक एकमेकांकडे चहाला जात, गप्पा मारत आणि बोलता बोलता नजर पलंगाखाली घालत. बूट सापडले हे कोणीच कबूल करत नव्हतं, त्यामुळे डावा आहे का असं सरळ विचारायचीही सोय नव्हती. सहदेव मास्तरांनी सुगंधाला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे डावं असं काही?" ती म्हणाली, "नाही हो, आमच्याकडे सगळे उजव्या हाताचेच." दोघंही काय ते समजले. तिसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशने कंटाळून दुकानातच तोंड उघडलं, "यार, अख्ख्या गावात एक डावा नाही. वाट लागली." तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निदान दुसऱ्याचंही काही साधलं नव्हतं.

त्याच दुपारी गोराईहून अक्षताचा फोन आला. अक्षता ही सुगंधाची एकुलती एक मुलगी, गोराईत दिलेली. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"आई, तुमच्याकडे पण आलेत?"

"काय आलेत?" सुगंधाने पोटच्या पोरीलाही लगेच दाद दिली नाही.

"बूट गं."

"आलेत थोडेसे."

"डावे की उजवे?"

सुगंधाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमच्याकडे?"

"मम्मींनी मागची खोली भरून टाकलीय. नारळ बाहेर काढले आणि बूट आत. पण सगळे डावे."

सुगंधा मटकन पोत्यावर बसली. आनंदाने बसली आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की डावे सापडले, पण नको त्या बाईला सापडले.

अक्षताच्या सासूचं नाव कमल. गोराईत राहणारी, चार माड आणि भाजीचा मळा राखून असलेली, खणखणीत आवाजाची बाई. दोन वर्षांपूर्वी बोरिवलीच्या हॉलमध्ये अक्षता आणि हर्षदचं लग्न लागलं, पंगत बसली. सुगंधाने स्वतः उभं राहून सोलकढी केली होती. कमलने भर पंगतीत वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "ताक छान झालंय." मालवणच्या बाईच्या सोलकढीला ताक म्हणणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं. सुगंधा म्हणाली, "जिभेला बुरशी आली की सगळंच ताक लागतं." मनोरी आणि गोराई या शेजारच्या गावांमध्ये एका रिक्षाएवढं अंतर होतं, पण तेव्हापासून दोन्ही विहिणींनी ते पार केलं नव्हतं. अक्षता माहेरी येताना एकटी यायची आणि जाताना आईने सासरी द्यायला काय दिलं हे कोणी विचारलं तर विषय बदलायची.

जावई हर्षद बंदरात आलेला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होता. त्या रात्री त्यानेच फोनवर सगळा उलगडा केला. "बंदराकडे येताना जहाज जोरात कललं, वरच्या थरातल्या पेट्या पाण्यात गेल्या. बुटांच्या काही कंपन्या मुद्दाम असंच पाठवतात, आई. उजवे एका कंटेनरमध्ये, डावे दुसऱ्यात. म्हणजे वाटेत कोणी फोडला तरी चोराच्या उपयोगाचा नाही. एक तुमच्याकडे फुटला, एक आमच्याकडे."

धाकू शेजारून म्हणाला, "ह्यां माका पयल्याच दिवशी म्हायत होतां."

"पहिल्या दिवशी तुम्ही फ्रीज म्हणत होतात."

"फ्रीजाक पण उजवो-डावो दरवाजो असता."

आता बोलणी करणं भाग होतं. दोन्ही विहिणी फोनवर एकमेकींशी बोलणार नव्हत्या, म्हणून अक्षता मध्ये. कमलचा पहिला निरोप आला, की उजवे घेऊन गोराईला या, इथे जागा मोठी आहे. सुगंधाने उलट निरोप पाठवला, की आधी बूट मनोरीला आले, तेव्हा डाव्यांनी इकडे यावं. कमलने विचारलं, आधी आले कशावरून? सुगंधाने सांगितलं, माणूस आधी उजवा पाय टाकतो. यावर गोराईहून जे उत्तर आलं ते अक्षताने आईला सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "आई, मला या दोन फोनांमध्ये वेड लागेल. मी दोन्ही पोती समुद्रात परत टाकीन."

शेवटी हर्षदने तोड काढली. दोन्ही गावांच्या मधल्या फाट्यावर खंडूची चहाची टपरी होती. ना मनोरीची, ना गोराईची. रविवारी सकाळी तिथे जमायचं, ताडपत्री अंथरायची, जोड्या लावायच्या आणि एक जोडी इकडे, एक जोडी तिकडे अशी वाटणी करायची. वाद झाला तर खंडू सांगेल तो निकाल.

"मी काय सांगणार?" खंडू म्हणाला. त्याला आदल्या रात्रीच कळवण्यात आलं होतं.

"तू काही सांगू नकोस," हर्षद म्हणाला. "फक्त चहा देत राहा."

रविवारी सकाळी मनोरीकडून एक टेम्पो आला आणि गोराईकडून एक रिक्षा आली. टेम्पोत सुगंधा, धाकू आणि उजवे होते. रिक्षात कमल, हर्षद, अक्षता आणि डावे. रिक्षात इतके डावे होते की आतली माणसं उतरेपर्यंत दिसलीच नाहीत. सुगंधाने ठेवणीतली साडी नेसली होती. कमलनेही नेसली होती. दोघींनी एकमेकींच्या साड्या बघितल्या आणि बघितल्या नाहीत असं दाखवलं.

ताडपत्री पसरली. एका कडेला सुगंधा बसली, दुसऱ्या कडेला कमल, मध्ये अक्षता.

"सात नंबर, निळा," सुगंधा हवेत बोलली.

"सात नंबर निळा म्हणतायत," अक्षता सासूकडे वळून म्हणाली.

"मला कान आहेत," कमल म्हणाली आणि सात नंबरचा निळा डावा पुढे सरकवला.

पहिली जोडी लागली. ताडपत्रीवर ते दोन निळे बूट शेजारी शेजारी बसले तेव्हा खंडूसकट सगळे क्षणभर बघत राहिले. किती दिवसांनी बूट बुटासारखा दिसत होता.

मग काम वेगात सुरू झालं. थोड्या वेळाने अक्षता मधून उठून चहा प्यायला गेली तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. "नऊ, काळा." "हा घ्या." "हा आठ आहे." "नऊच आहे, चष्मा लावा." "चष्मा लावूनच बोलतेय, विहीणबाई, खालचं गोल बंद आहे, तो आठच आहे." कमलने बूट डोळ्यांजवळ नेला. आठच होता. तिने तो मुकाट्याने परत ढिगात ठेवला आणि म्हणाली, "पाण्याने धुतलाय." दोन वर्षांत पहिल्यांदा विहीणबाई हा शब्द निघाला होता, तो दोघींनीही ऐकला आणि तसाच जाऊ दिला.

पोपटी बुटांपाशी आल्यावर कमल थांबली. पाय लांब करून टाच चोळू लागली.

"काय झालं?" सुगंधाने विचारलं.

"टाच. सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. मळ्यात जायचं म्हणजे जिवावर येतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतो मऊ बूट घाला. साडीवर बूट घालून मी मळ्यात जाणार का?"

सुगंधाने पोपटी उजवा उचलून तिच्या पायाशी ठेवला. "इथे कोण बघतंय? घाला."

"खंडू बघतोय."

"मी दुसरीकडे बघतो," खंडू म्हणाला आणि खरंच दुधाच्या पातेल्याकडे तोंड करून उभा राहिला.

कमलने दोन्ही पोपटी पायांत चढवले. नाड्या सुगंधाने बांधल्या, कारण कमलला वाकवत नव्हतं. कमल उभी राहिली, दोन पावलं गेली, परत आली. तिच्या चेहऱ्यावर एकदम लहान मुलीसारखं काहीतरी आलं. "अगं बाई, हे तर पायाला उचलून धरतात. तुम्ही पण घाला ना."

सुगंधाने केशरी घातले. मग दोन्ही विहिणी ठेवणीतल्या साड्यांवर बूट चढवून टपरीसमोर इकडून तिकडे चालून बघू लागल्या, आणि वळताना एकमेकींकडे बघून त्यांना हसू आवरेना. अक्षता चहाचा ग्लास हातात तसाच धरून बघत राहिली. धाकू हर्षदला म्हणाला, "माका खबर होती, असाच होतला."

नेमकी तेव्हाच मनोरीच्या बाजूने पांढरी जीप आली आणि टपरीपाशी थांबली. जीपवर सरकारी पाटी होती. पुढून चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला एक तरुण अधिकारी उतरला. त्याने आपलं नाव सांगितलं, अनिरुद्ध वाघमारे, कस्टम्स. राहायला मुलुंडला, म्हणजे रविवारची सुट्टी सोडून तो शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आला होता. त्याने आधी चहा मागितला. मग त्याची नजर ताडपत्रीवर गेली आणि तिथेच खिळली.

"हे काय आहे?"

धाकूने आकाशाकडे बघितलं.

"बूट आहेत," कमल म्हणाली. तिचा आवाज तसाच खणखणीत होता.

"ते दिसतंय, आजी."

"आजी कोणाला म्हणता?"

"बाई," अनिरुद्धने सुधारलं. "कालपासून मी दोन्ही किनारे पालथे घालतोय. जिथे बघावं तिथे सुटे बूट. कंपनीने हात वर केले, म्हणाले विमा झालाय, भिजलेला एकेकटा बूट आम्हाला नको. मीही म्हटलं, ठीक आहे, कचरा आहे, रिपोर्ट लिहितो आणि घरी जातो. आणि तुम्ही," त्याने ओळीने मांडलेल्या जोड्यांकडे हात केला, "तुम्ही त्याचा माल करून ठेवलात."

"म्हणजे?" हर्षदने विचारलं. त्याला उत्तर माहीत असावं, कारण तो पांढरा पडला होता.

"एकटा बूट कचरा. जोडी लागली की तो माल. परदेशातून आलेला, शुल्क न भरलेला माल. तो मला जप्त करावा लागणार, एकेक मोजून, सील करून, गोदामात नेऊन. आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे हो." शेवटचं वाक्य त्याने कोणालाच उद्देशून म्हटलं नाही.

सुगंधाच्या डोळ्यांपुढून आठवडाभराची सगळी धडपड गेली. दोघींनी हट्ट सोडला नसता, फाट्यावर आल्याच नसत्या, तर हे सगळं कचरा म्हणून सुखाने घरी राहिलं असतं. मग तिचं मन एका शब्दाशी येऊन अडकलं.

"साहेब, कचरा कोणी नेला तर चालतो?"

"उलट उपकार होतील. किनारा साफ करायला माणसं मिळत नाहीत."

"आणि हे सुटे असते तर कचरा?"

"तर कचरा."

सुगंधाने कमलकडे बघितलं. कमलने सुगंधाकडे बघितलं. यावेळी मध्ये अक्षताची गरज पडली नाही. सुगंधा खाली बसली आणि हाताच्या एका फटक्यात पहिली ओळ विस्कटली. कमलने दुसरी विस्कटली. "उजवे माझे," सुगंधा म्हणाली. "डावे इकडे टाका," कमल म्हणाली. सकाळभर लावलेल्या जोड्या बघता बघता मोडल्या. धाकू पोत्याचं तोंड धरून बसला. अक्षता आणि हर्षदही हात लावू लागले. अनिरुद्ध पाठ फिरवून चहा पीत होता. खंडूने त्याला न मागता दुसरा ग्लास दिला, वर क्रीमरोल.

त्याने वळून बघितलं तेव्हा ताडपत्री रिकामी होती. एका बाजूला उजव्यांची पोती, दुसऱ्या बाजूला डाव्यांची. त्याने मान डोलावली. मग त्याची नजर खाली गेली.

"आणि पायातले?"

एका विहिणीच्या पायात केशरी जोडी, दुसरीच्या पायात पोपटी. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे बघितलं. मग कमलने सुगंधाच्या खांद्याचा आधार घेतला आणि आपला पोपटी उजवा काढून तिच्यापुढे ठेवला. सुगंधाने केशरी डावा काढून तिला दिला. नाड्या सोडायला, परत बांधायला थोडा वेळ लागला. शेवटी सुगंधा दोन उजव्यांत उभी होती, एक केशरी, एक पोपटी. कमल दोन डाव्यांत. दोघींचे पाय एकाच दिशेला वळल्यामुळे दोघीही जरा कलल्या होत्या.

"आता?" सुगंधाने विचारलं.

अनिरुद्धने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याच्या ओठांचे कोपरे हलत होते. "आता कचरा," तो म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर कितीतरी रविवारी सुगंधाचा पाय घरात ठरला नाही. कचरा एकदम जोडायची सोय नव्हती, म्हणून थोडा थोडा जोडला. एका रविवारी कमल मनोरीला पोतं घेऊन यायची, पुढच्या रविवारी सुगंधा गोराईला जायची. दोन्ही गावांनी हीच रीत उचलली. जेवणं व्हायला लागली, भांडणंही व्हायला लागली, आणि ती समोरासमोर, मोठ्या आवाजात, त्यामुळे अक्षताला फोनवर काही पोचवावं लागत नव्हतं. गोराई-मनोरीच्या मासळीवाल्या डोक्यावर पाटी आणि पायात केशरी बूट घालून फेरीबोटीत चढू लागल्या, तेव्हा मार्व्याच्या धक्क्यावरची पोरं शिट्या मारायची. कमल रोज सकाळी मळ्यात ताठ चालायची.

दिवाळीनंतर एका शनिवारी सुगंधाच्या दोन्ही खोल्या भरल्या. दुसऱ्या खोलीत बायको आणि मुलीला घेऊन आलेला माणूस ओळखीचा वाटला. चिखल नसल्यामुळे तिला जरा वेळ लागला.

अनिरुद्ध ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघत होता. सहदेव मास्तर निळ्यात गेले. चंद्रप्रकाश काळ्यात गेला. धाकू पोपटी बूट घालून माडाला पाणी घालत होता. जेवण झालं, मुलगी झोपली, तेव्हा अनिरुद्ध स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मावशी, तुमच्या कचऱ्यात नऊ नंबर आहे का? काळा?"

सुगंधाने भांडी बाजूला ठेवली, माळ्यावरचं पोतं ओढलं आणि आत हात घालून चाचपलं. "उजवा आहे," ती म्हणाली आणि फोन लावला. "विहीणबाई, झोपलात का? नऊ नंबर, काळा, डावा बघून ठेवा. उद्या सकाळी एक साहेब येतील न्यायला. आणि या वेळी त्यांना आजी म्हणू देऊ नका."